हातोहात

२०२० ची धुळवड. आदल्याच दिवशी पुण्यात करोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले होते, त्यामुळे रंग खेळायचा की नाही यावर आमच्या सोसायटीत सकाळपासून खल चालला होता. शेवटी मुलं खेळलीच. दुपारी मी नखांत बसलेला गुलाबी रंग घासून काढत होते आणि वीचॅटवर ताईचा मेसेज आला. एक लिंक आणि खाली 'लगेच वाच'. ताई म्हणजे माझी चिनी मैत्रीण. मी भाषा शिकायला चीनमध्ये होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जेवायला असायचे. वयाने मोठी, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे तिला ताईच म्हणते. तिचं शहर मी इथे लिहिणार नाही. हात कोरडे करून लिंक उघडली, तर पांढऱ्या पानावर लाल गोलात उद्गारचिन्ह आणि खाली एक ओळ : नियमभंगामुळे हा मजकूर पाहता येत नाही. तसं तिला कळवलं. तिने दुसरी लिंक दिली, तीही गेलेली. तिसरी उघडली, पण तिच्यात सगळा मजकूर उलटा होता. शेवटचं अक्षर सगळ्यात आधी आणि पहिलं अक्षर सगळ्यात शेवटी. पडद्यावर बोट ठेवून मी तो तळातून वर वाचत गेले. एरवी अर्ध्या तासात वाचून झाली असती अशी ती मुलाखत मला दिवेलागणीपर्यंत पुरली.

मुलाखत होती आय फेन यांची. वुहान सेंट्रल हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागाच्या त्या प्रमुख. ३० डिसेंबर २०१९ ला एका रुग्णाचा अहवाल त्यांच्या हाती आला आणि त्यावर 'सार्स करोनाव्हायरस' हे शब्द होते. त्यांनी त्या शब्दांभोवती लाल वर्तुळ काढलं, कागदाचा फोटो घेतला आणि ओळखीच्या एका डॉक्टरला पाठवला. त्या रात्रीत तो फोटो वुहानच्या डॉक्टरमंडळींत फिरला आणि त्याच रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांच्यापर्यंत पोचला. लींनी आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर मित्रांना सावध केलं. पुढे लींना पोलिसांनी बोलावलं आणि आय फेन यांना रुग्णालयाच्या वरिष्ठांनी अशा शब्दांत झापलं की त्या गप्प झाल्या. मार्चमध्ये 'रेनवू' या मासिकाला त्यांनी हे सगळं सांगितलं. धोक्याची शिट्टी वाजवणारी मी नव्हे, मी ती शिट्टी पुरवणारी, असं त्या म्हणाल्या. आणि हे असं होणार हे आधी ठाऊक असतं तर कुणी कितीही रागावलं असतं तरी मी सगळीकडे सांगत सुटले असते, असंही म्हणाल्या. सकाळी आलेली मुलाखत काही तासांत गायब झाली. मग लोकांनी ती पुन्हा टाकायला सुरुवात केली. जी टाकली ती उडायची, म्हणून दरवेळी नवं रूप. उलटी. उभ्या ओळींत. नुसत्या रोमन उच्चारांत. इमोजीत. ब्रेलमध्ये. हाडांवर आणि कासवाच्या कवचावर कोरलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीत. आणि ठिपके-रेघांच्या मोर्समध्ये.

मोर्समधली मुलाखत कोण वाचणार होतं?

हा प्रश्न त्या रात्री डोक्यात शिरला तो आजतागायत तिथेच आहे. मजकूर पुसला जाणं मला नवीन नव्हतं. तिथे राहिलेल्या कुणालाच नसतं. मला अस्वस्थ केलं ते त्या मेहनतीने. कुणीतरी हजारो अक्षरं घेऊन बसलं, प्रत्येकाचे ठिपके आणि रेघा केल्या, आणि पाठवलं. ज्याला वाचायचं होतं त्याने उलटा किंवा सरळ मजकूर मिळवून वाचलाही असेल. तरीही मोर्स आली, तरीही इमोजी आले. आपल्याकडे इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या मुखी होती म्हणून तरली असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या धुळवडीच्या रात्री मला ते पहिल्यांदा कथा म्हणून न ऐकता घडताना दिसलं. तरायला पाठांतर लागतं, आणि पाठ करणाऱ्याला आपल्यासारखे आणखी कितीजण आहेत हे कळावं लागतं. मोर्सवाल्याचा निरोप मला तरी असा कळला : मीही आहे.

मी तिथे होते तो वेइबोच्या भरभराटीचा काळ. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्या ट्विटरसारख्या माध्यमाने दोन वर्षांत शहरी चीनला बोलतं केलं होतं. २३ जुलै २०११ ला वेनझोऊजवळ दोन वेगवान गाड्यांची टक्कर झाली, डबे पुलावरून खाली पडले आणि ४० माणसं गेली. डब्यात अडकलेल्या प्रवाशांनी मदतीची हाक वेइबोवरच दिली होती. दुसऱ्या दिवशी खानावळीत रांगेत उभी असलेली मुलं ताट एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत होती. जेसीबीने डबा फोडून तिथेच जमिनीत पुरला जातोय, त्याचे फोटो. शोध संपला असं जाहीर झाल्यानंतर एक लहान मुलगी जिवंत सापडली, ती बातमी. रेल्वेच्या प्रवक्त्याला डबा का पुरला असं विचारलं तेव्हा त्याने कारण सांगितलं आणि वर म्हणाला, तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, माझा तर आहे. ते वाक्य त्या उन्हाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी होतं. भाजीवालीसुद्धा मिरच्या ताज्या आहेत का विचारल्यावर तेच म्हणायची. पुरलेला डबा शेवटी उकरून काढावा लागला. मला आठवतो तो खानावळीतला आवाज. इतकी तरुण माणसं, एरवी आपापल्या परीक्षांत बुडालेली, एकाच गोष्टीवर एकाच वेळी बोलत होती, आणि त्यांचं त्यांनाच त्याचं नवल वाटत होतं.

तो आवाज फार टिकला नाही. २०१३ मध्ये लाखो वाचक असलेल्या नामवंत लिहिणाऱ्यांवर कारवाई सुरू झाली. बदनामीकारक ठरलेली पोस्ट ५०० वेळा पुढे गेली किंवा ५,००० वेळा पाहिली गेली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, असा खुलासा त्याच सप्टेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केला. कात्री सरकारी अधिकाऱ्याच्या हातात असेल असं आपल्याला इथून वाटतं. रोजच्या रोज ती चालवतात त्या त्या कंपनीची पगारी माणसं. वेइबोचं असं एक कार्यालय तियानजिनमध्ये होतं, तिथे नुकती पदवी घेतलेली मुलं पाळ्यांमध्ये बसून पोस्ट उडवायची. आपल्या व्यासपीठावर जे छापून येईल त्याला कंपनी जबाबदार, असा नियम असल्यावर कंपनी स्वतःच्या भीतीने सरकारपेक्षा दोन पावलं पुढे राहते. आणि काय उडतं हेही समजून घेण्यासारखं आहे. हार्वर्डच्या गॅरी किंग यांनी जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांच्यासोबत उडालेल्या आणि राहिलेल्या पोस्टचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढाऱ्यांवरची, धोरणांवरची टीका बऱ्याचदा तशीच राहते. माणसं एकत्र येऊन काही करतील असं ज्यातून वाटतं ते जातं, मग त्यात सरकारची बाजू घेतलेली असली तरी. २०१७ मध्ये याच तिघांनी दाखवलं की सरकारच्या वतीने वर्षाला सुमारे ४५ कोटी पोस्ट लिहिल्या जातात, आणि त्या वाद घालत नाहीत. त्या कौतुक करतात, सणांच्या शुभेच्छा देतात, विषय बदलतात. हे वाचलं तेव्हा ती मोर्स मला आणखी उमगली. मुलाखतीत एका रुग्णालयाच्या वरिष्ठांबद्दलची तक्रार होती, तेवढी कदाचित खपूनही गेली असती. खपण्यासारखं नव्हतं ते हे, की हजारो अनोळखी माणसं एकाच रात्री एकच काम करत होती.

आय फेन यांचा लाल वर्तुळाचा फोटो ज्यांच्यापर्यंत गेला त्या ली वेनलियांग यांचं पान मात्र राहिलं. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांच्याकडून एका ताकीदपत्रावर सही घेतली होती. यापुढे असं करणार नाही हे जमेल का? खाली त्यांनी हाताने लिहिलंय, जमेल. समजलं का? समजलं. दोन्ही उत्तरांवर अंगठ्याचा लाल ठसा. ३१ जानेवारीला आजारी असताना त्यांनी त्या कागदाचा फोटो स्वतः वेइबोवर टाकला. दुसऱ्या दिवशी लिहिलं की तपासणी पॉझिटिव्ह आली. ती शेवटची पोस्ट. ६ फेब्रुवारीच्या रात्री ते गेल्याची बातमी आली, मग मागे घेतली गेली, मग अजून प्रयत्न चालू आहेत असं रुग्णालयाने सांगितलं, आणि पहाटे तीनच्या सुमारास गेल्याचं जाहीर झालं. ३३ वर्षांचे होते, पत्नी गरोदर होती. त्या रात्री वेइबोवर 'मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य हवंय' हा हॅशटॅग वर चढला आणि सकाळी नव्हता. ताई त्या रात्री झोपली नव्हती. तिने मला काहीच लिहिलं नाही, फक्त दर थोड्या वेळाने पडद्याचे फोटो पाठवत राहिली, पुसलं जायच्या आत माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखे.

त्यांच्या त्या शेवटच्या पोस्टखाली लोक लिहायला लागले आणि थांबलेच नाहीत. दहा लाखांच्या वर प्रतिक्रिया जमा झाल्या. भारतात बंदी येईपर्यंत मी ते पान अधूनमधून उघडायचे. सुरुवातीचा आक्रोश महिन्याभरात निवळला आणि मग तिथे जे उगवलं तसं मी कुठल्याही देशात पाहिलेलं नाही. डॉक्टर ली, शुभ प्रभात. डॉक्टर, आज नोकरी गेली, आईला सांगितलेलं नाही. डॉक्टर, आमच्याकडे चेरी फुलल्यात. उद्या पेपर आहे. तिने नाही म्हटलं. मुलगी झाली. लींना तळलेलं चिकन फार आवडायचं हे त्यांच्या जुन्या पोस्टवरून सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी रात्री उशिरा येऊन लिहायचं, आज मी चिकनची तंगडी खाल्ली, तुमच्या वाटची पण. जिवंत असताना या माणसाला ओळखणारे फार थोडे होते. आता जे नवऱ्याला, आईला, साहेबाला सांगता येत नाही ते लोक त्याला सांगत होते. लोकांनी त्या पानाला विलापाची भिंत म्हटलं, पण विलाप तिथे थोडाच होता. तिथे दिनक्रम होता. सरकारने मार्चमध्ये चौकशी केली, पोलिसांनी ते ताकीदपत्र मागे घेतलं, कुटुंबाची माफी मागितली, आणि एप्रिलमध्ये लींना हुतात्मा घोषित केलं. पान बंद करणं त्यानंतर अवघडच झालं असणार. पण मला वाटतं की ते राहिलं याचं दुसरंही कारण होतं. तिथे कुणी कुणाला कुठे जमायला सांगत नव्हतं. प्रत्येकजण एकटा येऊन बोलून जात होता. या विचाराने मला त्या पानावर वाचताना बरंही वाटायचं आणि गळाही दाटून यायचा.

ताईचं घर या बाबतीत एकमताचं नाही. त्यांच्या घरच्या वीचॅट ग्रुपचं नाव 'मायेनं बांधलेलं कुटुंब' अशा अर्थाचं आहे. चीनमधल्या लाखो कौटुंबिक ग्रुपांचं हेच नाव असतं. त्यावर ताईची आई साठ-साठ सेकंदांचे बोललेले निरोप एकापाठोपाठ एक पाठवते, कारण तिला टंकायला आवडत नाही, आणि साठ सेकंदांच्या पुढे वीचॅट बोलू देत नाही. मामा देशभक्तीचे व्हिडिओ टाकतात. वुहानच्या लेखिका फांग फांग टाळेबंदीत रोज रात्री आपल्या शहराबद्दल लिहायच्या तेव्हा हेच मामा मध्यरात्रीपर्यंत जागून ते वाचायचे आणि पुढे पाठवायचे. एप्रिलमध्ये ते लिखाण परदेशात पुस्तक म्हणून येणार हे कळलं आणि वारं फिरलं. ही बाई परक्यांच्या हातात सुरा देतेय, हे वाक्य सगळीकडे झालं, मामांच्या तोंडीही. ताई म्हणाली, मामांना कुणी पैसे देत नाही गं, ते मनापासून बोलतात. तिच्या आवाजात राग होता आणि मामांबद्दलची काळजीही होती. मलाही मामा ठाऊक आहेत. त्यांनी मला डंपलिंगच्या कडा कशा मुडपायच्या ते शिकवलं होतं. गरिबीतून वर आलेल्या माणसाला आपल्या देशाची लाज बाहेर जाऊ नये असं वाटतं, हे मला समजतं. त्याच भावनेला बोट दाखवलं की ती कुणाच्या अंगावर धावून जाते, हेही पाहिलंय. २०२२ च्या एप्रिलपासून वेइबोवर लिहिणाऱ्याच्या नावाखाली तो कुठल्या प्रांतातून किंवा देशातून लिहितोय ते दिसायला लागलं. ताईची एक मैत्रीण कॅनडात असते, तिने काहीही लिहिलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली : तू बाहेर बसून बोलू नकोस.

आमचं बोलणंही त्या आधीच तुटलं होतं. जूनमध्ये गलवानला आपले २० जवान गेले आणि २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲपवर बंदी आली. टिकटॉकची चर्चा झाली, कारण ते आपल्या गावोगावी पोचलं होतं. वीचॅट आणि वेइबो त्याच यादीत होते. सरहद्दीवर माणसं मेली असताना माझ्या गप्पांचं काय घेऊन बसायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण तिच्या आईचे ते साठ सेकंदांचे निरोप, ज्यांत ती मला जेवलीस का विचारायची, ते गेले. तेव्हापासून आमची ईमेल चालते. ती लांबलचक लिहिते, चार-पाच दिवसांनी मी उत्तर देते.

त्या ईमेलींतूनच पुढचं कळत गेलं. २०२२ च्या जानेवारीत जिआंगसू प्रांतातल्या फेंग काउंटीचा एक व्हिडिओ आला. कडाक्याच्या थंडीत दार नसलेल्या खोलीत एक बाई, गळ्यात साखळी, साखळीला कुलूप. तिला आठ मुलं होती. या प्रकरणाची मला सर्वांत जास्त छळणारी बाजू ही की तिचा नवरा आठ मुलांचा बाप म्हणून छोट्या व्हिडिओंच्या जगात थोडाफार प्रसिद्ध होता. लोक त्याच्या घरी येऊन चित्रण करायचे, मदतीचे कपडे आणायचे, मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करायचे. त्यांतल्याच एकाने शेजारच्या खोलीत डोकावून पाहिलं. ज्या हावेने त्या घराचा तमाशा केला तिनेच ती बाई देशाला दाखवली. काउंटीने आधी सांगितलं, कायदेशीर लग्न आहे, विक्रीचा प्रश्न नाही. लोकांनी मानलं नाही. त्यांनी जुने कागद खणून काढले, तिच्या बोलण्यावरून ती कुठली असेल याचा माग घेतला, दर नव्या सरकारी निवेदनातली विसंगती दाखवली. बीजिंगमध्ये हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं होतं, सगळ्या पडद्यांवर सुवर्णपदकं होती, आणि ताई लिहीत होती की आम्ही बायका पदकांकडे बघतच नाही. पाचव्या निवेदनापर्यंत मान्य झालं की तिला युन्नानमधून आणून विकलं गेलं होतं. १७ अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, नवऱ्याला पुढच्या वर्षी नऊ वर्षांची शिक्षा झाली. तिला भेटायला गेलेल्या दोन बायकांनाही पोलिसांनी धरलं होतं. ताईने त्या वेळी लिहिलं, साखळी माझ्या गळ्यात नाही हा निव्वळ योगायोग आहे.

त्याच वसंतात शांघाय बंद झालं. अडीच कोटींचं शहर. ज्या फोनमध्ये लोक कोंडले गेले होते, म्हणजे हिरवा-लाल आरोग्य कोड, तपासणीचे निकाल, बाहेर पडायची परवानगी, त्याच फोनने त्यांना जेवायला घातलं. इमारतीतल्या कुणीतरी पुढाकार घ्यायचा, ग्रुप करायचा, तीस घरांची अंडी, चाळीस घरांची कोबी-गाजरं एकगठ्ठा मागवायची. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये मान खाली घालून उभी राहणारी माणसं एकमेकांना नावाने ओळखायला लागली. कुणाकडे इन्सुलिन आहे, कुणाचं बाळ आहे, कुणाच्या आजोबांना फोन वापरता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालं. २२ एप्रिलला सहा मिनिटांचा एक व्हिडिओ आला. वरून घेतलेलं शहराचं कृष्णधवल चित्रण आणि त्यावर त्या महिन्यात लोकांनी रेकॉर्ड केलेले खरे फोन. बाळ आईबापांपासून वेगळं केलेलं. आजारी आईसाठी औषध मागणारा मुलगा. भाजीचा ट्रक घेऊन आलेला आणि उतरवून घ्यायला कुणी नाही म्हणून कासावीस झालेला ड्रायव्हर. मला काही करता येत नाही हो काका, असं म्हणणारा वस्तीसमितीचा माणूस, ज्याचा आवाज मध्येच फुटतो. त्यात एकही घोषणा नाही, कुणाचं नाव नाही. तरी तो उडवला गेला, आणि पुन्हा आय फेन यांच्या मुलाखतीची रात्र झाली. लोकांनी तो आरशातला करून टाकला, उलटा करून टाकला, दुसऱ्याच कार्यक्रमाच्या चित्रणात लपवून टाकला. ताईने तो मला ईमेलने पाठवला. मी तो हेडफोन लावून ऐकला आणि शेवटाला शेजारी शेजाऱ्याला म्हणतो त्या भल्या शब्दांपाशी रडले.

पुसण्याने कधीकधी उलटंच होतं. ३ जून २०२२ च्या रात्री ली जियाची हा देशातला ऑनलाइन थेट प्रसारणातून विक्री करणारा सर्वांत लोकप्रिय निवेदक आइस्क्रीम दाखवत होता. रणगाड्याच्या आकाराचा एक केक समोर आला आणि प्रसारण तुटलं. त्याच्या तरुण चाहत्यांतल्या कितीतरी जणांना काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी ४ जून, म्हणजे १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानआनमेन चौकातलं आंदोलन रणगाडे आणून चिरडलं तो दिवस, हे त्यांच्यापैकी कुणाच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. ते एकमेकांना विचारायला लागले की आइस्क्रीममध्ये काय चूक होती. त्याच महिन्यात हेनानमध्ये ग्रामीण बँकांत पैसे अडकलेले ठेवीदार दाद मागायला झेंगझोऊला निघाले, आणि त्यांचे आरोग्य कोड लाल झाले, म्हणजे फिरणंच बंद. ताप नव्हता, संपर्क नव्हता. नंतर अधिकृतपणे सांगण्यात आलं, १,३१७ ठेवीदारांचे कोड असे लाल करण्यात आले होते. त्यासाठी अधिकाऱ्यांना शिक्षाही झाली. पण त्या जूनमध्ये प्रत्येकाने आपल्या हातातल्या त्या रंगीत चौकोनाकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हा रंग कुणीतरी टेबलाशी बसून बदलू शकतो.

पुढे पाठवण्याची किंमत असते. ऑक्टोबरमध्ये बीजिंगच्या एका पुलावर एका माणसाने टाळेबंदी आणि सत्ताधाऱ्यांविरुद्ध फलक लावले, त्यांचे फोटो ज्यांनी पुढे पाठवले त्यांची वीचॅट खाती बंद झाली. चीनमध्ये ते खातं म्हणजे पाकीट, बसचं तिकीट, दवाखान्याची वेळ, मुलाच्या शाळेचा ग्रुप, आईचा आवाज. काहींनी खातं परत मिळावं म्हणून हाताने माफीपत्रं लिहून त्यांचे फोटो टाकले. चेन मेई आणि त्साय वेई या दोन तरुणांनी तर इतकंच केलं होतं की पुसले गेलेले लेख गोळा करून दुसरीकडे जपून ठेवायचे. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांना बीजिंगमध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी कुरापत काढल्याच्या गुन्ह्याखाली १५ महिन्यांची शिक्षा झाली. वुहानमध्ये कॅमेरा घेऊन फिरलेल्या चांग चान यांना चार वर्षं मिळाली. मी इथे बसून उलटी मुलाखत बोट ठेवून वाचू शकले, कारण कुणीतरी तिथे बसून ती उलटी केली होती, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हे मला कधीच कळणार नाही. यावर मी लिहिते तेव्हा कौतुकाचे शब्द लिहिताना माझा हात आखडतो. शाबासकी देणं सोपं आहे.

मग २४ नोव्हेंबरला उरुमची शहरात एका इमारतीला आग लागली, दहा माणसं गेली, आणि टाळेबंदीच्या अडथळ्यांमुळे ती बाहेर पडू शकली नाहीत असं लोकांच्या मनाने घेतलं. शांघायमध्ये उरुमचीच्याच नावाच्या रस्त्यावर माणसं मेणबत्त्या घेऊन जमली. विद्यापीठांत मुलं ए-फोर आकाराचे कोरे कागद धरून उभी राहिली. कोऱ्या कागदाबद्दल जगभर लिहून आलं, त्यामुळे मी वाढवत नाही. ताईने मला तिच्या फाटकाबद्दल लिहिलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तिच्या वसाहतीत एक रुग्ण सापडला आणि वस्तीसमितीने फाटकाला पत्रे ठोकायला माणसं आणली. ग्रुपवर सकाळी सहाला पहिला मेसेज पडला. हा ग्रुप मागच्या टाळेबंदीत अंडी मागवायला केलेला. कुणीतरी विचारलं, आदेश लेखी आहे का? बीजिंगमध्ये एका वसाहतीने असा लेखी आदेश मागितला आणि फाटक उघडावं लागलं, हे दोन दिवसांपासून सगळीकडे फिरत होतं. कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, किती दिवसांसाठी, सही कुणाची, असे प्रश्न कुणीतरी मुद्देसूद लिहून टाकले होते आणि लोक ते पुसले जायच्या आत जपून ठेवत होते. ताईच्या ग्रुपमधल्या निवृत्त हिशेबनीस बाई, ज्या एप्रिलमध्ये प्रत्येक घराच्या कोबीचा पैसा न पैसा मांडायच्या, त्या स्वेटरवर कोट चढवून खाली उतरल्या. त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरचे दोघे. मग ताई. मग ती म्हणते, मी वळून पाहिलं तर जिन्यात जागा नव्हती. मामाही होते. ते त्याच वसाहतीत राहतात. बाईंनी समितीच्या सचिवाला, तो त्यांच्या मुलाच्या वयाचा असेल, सौम्य आवाजात विचारलं, बाळा, शिक्का असलेला कागद दाखव, आम्ही लगेच वर जातो. कागद नव्हता. त्याने फोन लावले, पलीकडून कुणी लेखी द्यायला तयार होईना. मामा म्हणाले, मग आम्ही भाजी आणायला जातो. पत्रे दुपारी काढले गेले.

दहा-बारा दिवसांत, ७ डिसेंबरला, देशभरचेच नियम ढिले झाले. तयारी काहीच नव्हती, त्या हिवाळ्यात घरोघरी ताप आला आणि म्हातारी माणसं गेली. ताईच्या इमारतीतलीही गेली. त्याचे आकडे लोकांनी मनात ठेवले. मी तिला विचारलं, फाटकापाशी झालं त्याला तू काय म्हणशील? तिने ते राजकारण नाही असं ठामपणे लिहिलं, आम्हाला भाजी हवी होती. पुढच्या ईमेलमध्ये मात्र तिने न विचारता कळवलं की ग्रुप तिने बंद केलेला नाही आणि हिशेबनीस बाई वसाहतीच्या मालकसंघाच्या निवडणुकीला उभ्या राहतायत. त्यांच्यासाठी मत मागायला घरोघर फिरण्यात मामा आहेत.